मुलाला एअरगनचा छर्रा लागला तर काय करायचं, आणि लागूच नये म्हणून घरात काय करायचं

आत्ता, या मिनिटाला पोराला छर्रा लागलाय म्हणून तुम्ही हे उघडलं असेल तर आधी एवढंच वाचा. बंदूक बाजूला करा, पोराला बसवा किंवा झोपवा, १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा. डोळ्याला लागलं असेल तर डोळ्याला हात लावायचा नाही, धुवायचा नाही, त्यात काही टाकायचं नाही. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा, पण डोळ्यावर दाब नाही. छर्रा आत असेल तर काढायला जाऊ नका. खायला-प्यायला काही देऊ नका, पाणीसुद्धा नको. आणि भोक कितीही बारीक दिसलं तरी एक्सरे काढल्याशिवाय घरी परतायचं नाही. बाकीचं गाडीत बसून वाचा.

आता सविस्तर. मी कोकणात एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत सिस्टर आहे. आमच्याकडे बागायतवाल्यांच्या घरात एअरगन असतेच असते, माकडं आणि केल्डी आंबा, नारळ काही म्हणून ठेवत नाहीत आणि शेतकऱ्याची तिडीक मला समजते. पण ती बंदूक पडवीत दाराच्या मागे उभी केलेली असते, छऱ्यांची डबी वर फळीवर, आणि मे महिन्यात नाहीतर गणपतीत मुंबईची पोरं घरी आली की त्यांना ती पहिल्या दिवशीच सापडते. मग जे होतं ते आम्ही बघतो. गोळी मारणारा बहुतेक वेळा कुणी परका नसतो हो, सख्खा नाहीतर चुलत भाऊ असतो, मित्र असतो, कधी पोराच्या स्वतःच्याच हातून सुटते.

छर्रा आत जाऊन काय करतो

लोक म्हणतात "छऱ्याचीच तर आहे". तर आधी हा आकडा बघा. आपल्याकडे सर्रास मिळणारा छर्रा ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे पॉईंट १७७ इंच, शिशाचा, मधे बारीक आणि दोन्हीकडे फुगलेला, डमरूसारखा. वजन साधारण अर्धा ग्रॅम. चांगल्या स्प्रिंगच्या रायफलमधून तो सेकंदाला २०० मीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडतो. माणसाची कातडी भेदायला साधारण १०० मीटरचा वेग पुरतो आणि डोळा फोडायला तर ४० च्या आसपासच पुरतो. म्हणजे जी बंदूक "साधी, जुनी, स्प्रिंग ढिली झालेली" म्हणून पोराच्या हातात दिली जाते ती कातडीत कदाचित घुसणार नाही पण डोळा नक्की घालवू शकते.

आणि मूल लहान असतं हे विसरायचं नाही. मोठ्या माणसाच्या छातीवर जो छर्रा चरबीत अडकेल तो आठ वर्षांच्या बारीक पोराच्या बरगड्यांमधून थेट फुफ्फुसापर्यंत, हृदयापर्यंत जातो. कानशिलाचं हाड पातळ, डोळ्याच्या खोबणीचं छत त्याहून पातळ, भुवईखालून आत गेलेला छर्रा मेंदूत पोचल्याच्या केसेस जगभर नोंदवलेल्या आहेत. ग्लासगोमध्ये २००५ साली दोन वर्षांचं एक मूल डोक्यात छर्रा लागून गेलं, त्यानंतर स्कॉटलंडने कायदाच केला आणि २०१६ च्या शेवटापासून तिथे एअरगनला लायसन्स लागतं. अमेरिकेत १९९० ते २०१६ या काळातला, अशा बंदुकांनी जखमी होऊन इमर्जन्सीत आलेल्या मुलांचा अभ्यास आहे, साधारण ३ लाख ६४ हजार मुलं, वर्षाला सरासरी साडेतेरा हजार, त्यात दहातले जवळजवळ नऊ मुलगे. त्यातली मला सगळ्यात खटकणारी गोष्ट ही की त्या काळात एकूण जखमांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं पण डोळ्याच्या जखमा तीस टक्क्यांनी वाढल्या.

फसवतं ते भोक. बाहेरून बघाल तर लाल कड असलेला एक ठिपका, डास चावल्यावर खाजवून रक्त आल्यासारखा, बऱ्याचदा रक्त थांबलेलंसुद्धा असतं कारण कातडी ताणून परत मिटते. पोर मार बसेल म्हणून सांगतं "काटा लागला" नाहीतर "पडलो". आई हळद लावते. आणि रात्री पोट फुगायला लागतं नाहीतर पोर उलट्या करायला लागतं तेव्हा कुणीतरी धाकटा रडत रडत खरं सांगतो. म्हणून घरात एअरगन आहे, पोरं मागच्या परसात होती आणि कुणाच्या अंगावर असा गोल बारीक ठिपका दिसला तर तो छऱ्याचाच धरून चालायचं. ओरडू नका त्या वेळी, शांतपणे विचारा, "बाबू, कुणी मारलं नाही तुला, फक्त सांग बंदूक सुटली का?" मारणाऱ्या पोरालाही त्या क्षणी मारू नका, कारण किती लांबून मारली, किती वेळा मारली, कुठली डबी वापरली हे फक्त त्यालाच माहीत असतं आणि डॉक्टरला ते लागतं.

पहिली पाच मिनिटं

बंदुकीपासून सुरुवात करा. ती परत सुटू शकते. तोंड माणसांपासून लांब, जमिनीकडे करून खाली ठेवा, बाकीच्या पोरांना घरात पाठवा. नळीत डोळा लावून बघायचं नाही, उघडझाप करून बघायचं नाही. नंतर कुणीतरी शांतपणे बघेल.

मग पोराकडे. श्वास कसा घेतोय, बोलतोय का, ओठ निळे नाहीत ना, हातपाय थंड आणि चेहरा पांढरा पडलाय का. कपडे वर करून सगळं अंग बघा, पाठ, काख, मांड्यांच्या मधे, केसांच्या आत बोटं फिरवून बघा, कारण एका ठिकाणचं रक्त दिसलं की दुसरीकडचं भोक बघायचं राहून जातं.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमाल, ओढणी, जे असेल त्याची घडी करून जखमेवर ठेवा आणि तळहाताने दहा मिनिटं सलग दाबा. मधेमधे उचलून "थांबलं का" बघायचं नाही, बघितलं की गुठळी निघते आणि परत सुरू. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. चक्कर येत असेल, पांढरा पडला असेल तर आडवा करा, पाय थोडे वर, अंगावर चादर. पण श्वासाला त्रास होत असेल तर आडवं पाडू नका, ज्या स्थितीत त्याला श्वास घ्यायला बरं वाटतं तसंच बसू द्या.

हळद, चुना, टूथपेस्ट, राख, कॉफी पावडर, कसला पाला, काही म्हणजे काही लावू नका. सुईने, चिमट्याने, ब्लेडने छर्रा काढायचा प्रयत्न नको. हाताला टचटच लागतोय म्हणून दाबून बाहेर काढायला जाणारे खूप आहेत, तो उलट आत सरकतो, आणि कधीकधी तोच छर्रा रक्तवाहिनीचं भोक दाबून बसलेला असतो, काढला की धार लागते.

डोळ्याला लागलं असेल तर

इथे मी जरा जास्त थांबणार आहे कारण आयुष्यभराचं नुकसान सगळ्यात जास्त इथे होतं आणि पहिल्या तासात घरच्यांच्या हातून होणारी चूकही इथेच होते.

आपल्या सगळ्यांच्या हाडात बसलंय की डोळ्यात काही गेलं की पाणी मारायचं. धूळ, मसाला, साबण, याला बरोबर आहे. छर्रा लागल्यावर चूक आहे. बुबुळाला भोक पडलेलं असेल तर पाण्याचा जोर आणि बोटांचा दाब यांनी आतला भाग बाहेर येतो. त्यामुळे धुणं नाही, चोळणं नाही, पापणी जबरदस्तीने उघडून मोबाईलचा टॉर्च मारणं नाही, घरात उरलेला ड्रॉप टाकणं नाही, मलम नाही, आईचं दूध, मध, तूप हे तर नाहीच नाही. कापसाचा बोळा ठेवून घट्ट पट्टीसुद्धा बांधायची नाही.

करायचं काय, तर डोळ्यावर एक कवच ठेवायचं जे डोळ्याला टेकणार नाही. चहाचा कागदी कप घ्या, खालचा दीड-दोन इंचाचा बुडाचा भाग कापा, त्याची कड वर भुवईच्या हाडावर आणि खाली गालाच्या हाडावर टेकेल असा उपडा ठेवा आणि चिकटपट्टीने कपाळाला आणि गालाला चिकटवा. छर्रा अर्धा बाहेर दिसत असला तरी तसाच, कवचाच्या आत राहू द्या. पोराला टेकून अर्धवट बसवा, डोकं वर. रडणं, खोकणं, ओकणं याने डोळ्याच्या आतला दाब वाढतो म्हणून आईने जवळ घेऊन बसायचं, गाडी हळू चालवायला सांगायचं, आणि हॉस्पिटलात पोचल्या पोचल्या "उलटी होऊ नये म्हणून औषध द्या" असं स्वतःहून म्हणायचं.

पोर स्वतः डोळा उघडत असेल तर दोनच गोष्टी बघा, हात न लावता. चांगला डोळा तळहाताने झाकून विचारा, माझी किती बोटं दिसतात. आणि बाहुली गोल आहे का, का थेंबासारखी एका बाजूला ओढली गेलीय, आणि काळ्या भागात खालच्या बाजूला रक्ताची पातळी साचल्यासारखी दिसतेय का. बाहुली ओढली गेली असेल तर डोळा फुटलाय असं समजूनच पुढे जायचं. रक्त साचलं असेल तर डोळा न फुटताही आत मार बसलाय. सगळं नॉर्मल दिसलं तरीही त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरला दाखवायचंच, कारण डोळ्याच्या आतल्या पडद्याची, म्हणजे रेटिनाची, जखम बाहेरून दिसत नाही.

दुखतंय म्हणून ब्रुफेन किंवा ॲस्पिरिनच्या जातीची गोळी देऊ नका, रक्त वाढतं. दुखण्याचं जे काही असेल ते हॉस्पिटलात देतील.

आणि कुठे जायचं हे आधी फोन करून ठरवा. फुटलेला डोळा शिवायला भूल देऊन ऑपरेशन लागतं, ते साधारण २४ तासांच्या आत झालेलं बरं, जितकं उशीर तितका आत पू होण्याचा धोका. गावातल्या चष्म्याच्या दुकानात, मग तालुक्याला, मग जिल्ह्याला असं करत दिवस घालवू नका. जिथे डोळ्याचं ऑपरेशन थिएटर आणि भूलतज्ज्ञ दोन्ही आहेत तिथे सरळ जा. मुंबईत जे.जे., केईएम, सायन, पुण्यात ससून, कोल्हापुरात सीपीआर हॉस्पिटल, आमच्या सिंधुदुर्गातले बरेच पेशंट गोव्यात बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात जातात. फोनवर सांगायचं वाक्य एवढंच, "लहान मूल आहे, डोळ्यात एअरगनचा छर्रा लागलाय, निघतोय".

छाती, पोट, मान, डोकं

या चार जागी लागलं की पोर हसतखेळत असलं तरी ते सिरियसच. पोटात छर्रा गेला की आतड्याला भोक पडतं आणि सुरुवातीचे काही तास पोराला फारसं काही वाटतच नाही, मग पोट लाकडासारखं घट्ट होतं, ताप येतो. छातीत गेला तर हृदयाच्या पिशवीत रक्त साचू शकतं, पोर आधी बेचैन होतं, मग घामाने थंड, मग गप्प. डोक्यात गेला तर आधी नीट बोलतं आणि तासाभराने झोप झोप करायला लागतं. ही "झोप" म्हणजे थकवा नाही, गाडी अजून निघाली नसेल तर तेव्हा तरी काढा.

छातीवर भोक असेल तर त्यावर हलकं स्वच्छ कापड पुरे, प्लास्टिक लावून चारी बाजूंनी बंद करू नका. मानेला लागलं असेल तर आवाज बसलाय का, गिळताना त्रास होतोय का, मान सुजतेय का हे बघत राहा आणि हे सगळं डॉक्टरला सांगा. मानेवर दाबायची वेळ आली तर रक्ताच्या जागीच दाबा, श्वासनलिकेवर नको.

हात-पाय

त्यातल्या त्यात बरी जागा, पण सोडून द्यायची नाही. बोटातली अंगठी, हातातला दोरा, कडं लगेच काढा कारण सूज आली की निघत नाही. लागलेल्या जागेच्या पुढची बोटं हलतात का, स्पर्श कळतो का, गरम आहेत का हे दुसऱ्या हाताशी ताडून बघा. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवायला इथे हरकत नाही. नुसता काळानिळा डाग आहे, कातडी फुटलेली नाही आणि छर्रा जमिनीवर सापडला, तेवढीच एक केस जिथे मी घाई करा म्हणणार नाही, तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

सांध्यात, म्हणजे गुडघा, कोपर, बोटाचं पेर, इथे छर्रा बसला असेल तर गोष्ट वेगळी, का ते पुढे सांगते.

हॉस्पिटलात काय सांगायचं, काय मागायचं

खरं सांगा. "पडला", "तार लागली" असं सांगितलं की डॉक्टर जखम शिवून, टीटी म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतो आणि छर्रा आतच राहतो. एअरगन होती, साधारण किती फुटांवरून, किती वाजता, किती वेळा, छर्रा शिशाचा का स्टीलचा गोल, शेवटचं खाल्लं कधी. डबीचा आणि बंदुकीचा मोबाईलवर फोटो काढून आणलात तर फारच चांगलं, बंदूक स्वतः कॅज्युअल्टीत घेऊन येऊ नका.

एक्सरे समोरून आणि बाजूने असा दोन्हीकडून लागतो, एकाच फोटोत छर्रा किती खोल आहे ते कळत नाही. छर्रा आत गेलेलं भोक आहे, बाहेर पडलेलं भोक नाही, आणि त्या भागाच्या एक्सरेत छर्राही नाही, तर तो गेला कुठे हा प्रश्न सोडायचा नाही. तो लांब सरकलेला असतो, कधी रक्तवाहिनीतून वाहत दुसरीकडे जाऊन बसतो, अशा केसेस आहेत. अशा वेळी पुढचे एक्सरे, सीटी काढतात. एमआरआयचं नाव कुणी काढलं तर लगेच सांगा की आत धातू असू शकतो. शिसं लोहचुंबकाला खेचलं जात नाही पण स्टीलचा छर्रा खेचला जातो, आणि डोळ्यात तो हलला तर संपलं, म्हणून आत काय आहे हे नक्की होईपर्यंत एमआरआय नाही.

लसीकरणाचं कार्ड सोबत घ्या. त्रिगुणीचे बूस्टर दीड-दोन वर्षांचा असताना आणि पाचव्या-सहाव्या वर्षी, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी, यातलं काही राहिलं असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं का हे डॉक्टरला ठरवता येतं.

सगळेच छर्रे काढत नाहीत, आणि नातेवाईक इथे फार भांडतात म्हणून सांगते. मांडीच्या स्नायूत खोल बसलेला, कुणाला त्रास न देणारा छर्रा शोधत कापाकापी करणं हे कधीकधी छऱ्यापेक्षा जास्त नुकसान करतं. डॉक्टर ठेवूया म्हणाले तर कारण विचारा, पण आरडाओरडा नको. सांध्यात मात्र ठेवत नाहीत सहसा, कारण सांध्यातल्या पाण्यात शिसं हळूहळू विरघळतं आणि रक्तात उतरतं.

पोलीस येतील का

येतील, आणि घाबरू नका. ही एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस असते, हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, ते त्यांचं काम आहे. घरातल्या घरात झालं, भावानेच मारलं, आता पोराचं नाव कागदावर जाईल या भीतीने लोक तास-तास घरी काढतात, नाहीतर खोटं सांगतात. जे घडलं ते, मुलांनी खेळताना, एवढं सरळ सांगा. आणि कुठलंही हॉस्पिटल "आधी पोलीस येऊ दे मग हात लावतो" म्हणू शकत नाही, सुप्रीम कोर्टाने १९८९ सालीच, परमानंद कटारा खटल्यात, स्पष्ट सांगितलंय की जीव वाचवणं आधी, सरकारी असो की खासगी. सगळ्या कागदांची, डिस्चार्ज कार्डाची, एक्सरेची कॉपी स्वतःकडे ठेवा.

घरी आणल्यावर

जखमेभोवती लाली पसरणं, ठणका वाढणं, पू, ताप, कातडीखाली करकर आवाज, यातलं काही दिसलं की परत या, पुढच्या तारखेची वाट बघू नका. अँटिबायोटिक दिलं असेल तर पूर्ण करा.

डोळ्यात रक्त साचलेल्या पोराला पहिले पाच-सहा दिवस खरंच शांत ठेवावं लागतं, त्याच काळात परत रक्तस्राव होण्याचा धोका जास्त असतो आणि दुसरा रक्तस्राव पहिल्यापेक्षा वाईट. उशा लावून डोकं वर, उड्या, क्रिकेट, सायकल बंद, कवच झोपतानाही. त्यात पोराला आळशी, पेंगुळलेलं वाटू शकतं, पण उलट्या आणि डोळा भयंकर दुखायला लागला तर दाब वाढलाय, लगेच या.

आणि हे वहीत लिहून ठेवा, कारण दोन महिन्यांनी डोळा पांढरा दिसायला लागला की लोक विसरतात. मार बसलेल्या डोळ्यात काचबिंदू वर्षांनीसुद्धा येतो, दुखत नाही, कळत नाही. म्हणून दरवर्षी डोळ्याचा दाब मोजून घ्यायचा, पोर मोठं होऊन नोकरीला लागलं तरी. पडदा सुटण्याची खूण म्हणजे डोळ्यासमोर विजा चमकणं, काळे ठिपके एकदम वाढणं, बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटणं. सात-आठ वर्षांच्या आतलं मूल असेल तर अजून एक, जखम बरी झाली तरी मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो आणि डोळा आळशी होतो, त्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगतात आणि ती पोरं काढून फेकतात, आई-बापांनी इथे नेट धरायचा. क्वचित जखमी डोळ्यामुळे चांगल्या डोळ्यालाही सूज येते, तेव्हा चांगला डोळा लाल झाला, उजेड सोसेना, धूसर दिसायला लागलं तर त्याच दिवशी दाखवा.

शिशाचा छर्रा आत ठेवला असेल तर डॉक्टरला विचारून मधूनमधून रक्तातलं शिसं तपासा. पोट दुखणं, भूक न लागणं, चिडचिड, अभ्यासात मागे पडणं अशी लक्षणं असली तर नक्कीच.

मनाचं पण बघा. ज्याला लागलं त्याचं तर बघतोच आपण, पण ज्याच्या हातून सुटली ते पोर कोपऱ्यात बसून असतं, जेवत नाही, आणि येणारा जाणारा प्रत्येक नातेवाईक त्याला ऐकवतो. ते थांबवा. दहा वर्षांच्या पोराच्या हाताला भरलेली बंदूक लागली हा मोठ्यांचा दोष आहे.

कार्बाईडचा पाईप, जेली बॉल, पेंटबॉल, प्लास्टिकचे छर्रे

२०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात, भोपाळ-विदिशा भागात, कार्बाईड गनने शंभरावर मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. पीव्हीसी पाईप, त्यात कॅल्शियम कार्बाईडचे खडे आणि पाणी, गॅस होतो, लायटरने पेटवला की धडाम. आपल्याकडे शेतात माकडं-डुकरं पळवायला हेच जुगाड वापरतात. नाही उडालं म्हणून पोर पाईपात वाकून बघतं आणि तेव्हाच उडतं.

याचा उपचार छऱ्याच्या बरोबर उलटा आहे म्हणून नीट लक्षात ठेवा. कार्बाईड आणि पाण्यापासून चुना होतो, चुना डोळा आतपर्यंत जाळत जातो, त्यामुळे इथे ताबडतोब धुवायचं. चेहऱ्यावरचे कोरडे खडे-पावडर कापडाने झटकून काढा आणि मग स्वच्छ पाण्याच्या संथ धारेने निदान अर्धा तास डोळा धुवा, डोळ्यावर दाब न देता, पापण्या हलक्या हाताने उघड्या धरून, आणि शक्य असेल तर गाडीतसुद्धा बाटलीने चालू ठेवा. तंबाखूच्या चुन्याची पुडी पोराच्या डोळ्यात फुटली तरी हेच.

यात्रेत मिळणारी पिवळ्या प्लास्टिक छऱ्यांची खेळण्यातली बंदूक, पाण्यात फुगणाऱ्या जेली बॉलची बंदूक, या कातडीत घुसत नाहीत पण जवळून डोळ्यावर बसल्या तर बुबुळ खरवडतं, आत रक्त साचतं. चष्मा न घालता एकमेकांवर मारायचं नाही, आणि डोळ्यावर बसलंच तर त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर. रिसॉर्टवर पेंटबॉल खेळायला नेता तेव्हा ती गोळी तीन ग्रॅमची असते आणि सेकंदाला ८०-९० मीटरने येते. वाफ धरली, घाम आला म्हणून पोरं मैदानातच मास्क वर करतात. मास्क काढायचा तो मैदानाच्या बाहेर, जाळीच्या पलीकडे आल्यावरच.

जत्रेत फुगे फोडायच्या स्टॉलवर गेलात तर बघा, फुटलेल्या फुग्यांच्या जागी नवे लावायला स्टॉलवाल्याचंच एखादं पोर पुढे फळीपाशी पळतं आणि त्याच वेळी शेजारचं गिऱ्हाईक नेम धरून उभं असतं. ते पोर मागे येईपर्यंत तुमच्या मुलाच्या बंदुकीचं तोंड खाली ठेवायला लावा आणि शेजारच्यालाही सांगा, लाजू नका. आपलं मूल कडेला उभं करू नका, मारणाऱ्याच्या मागे उभं करा.

घरात एअरगन ठेवायचीच असेल तर

आपल्याकडे २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअरगनला लायसन्स लागत नाही. हे सवलतीचं कलम आहे, सुरक्षिततेचं सर्टिफिकेट नाही. वर सांगितलेला अर्ध्या ग्रॅमचा, २०० मीटरचा छर्रा हिशेब केला तर दहाएक ज्यूलचाच आहे, म्हणजे मर्यादेच्या निम्म्यावर, आणि तो काय करतो ते वाचलंत.

बंदूक कुलपात, स्प्रिंग न ताणलेली, नळी रिकामी. छर्रे वेगळ्या कुलपात. किल्ली कपाटावर, देव्हाऱ्यामागे, फोटोमागे नको, या जागा घरातल्या सगळ्या पोरांना माहीत असतात, किल्ली खिशात. माकडं आली म्हणून घाईत काढली तर गेल्यावर लगेच परत आत, "आत्ता परत येतील" म्हणून खाटेला टेकवून ठेवायची नाही. दारामागे ती अशीच भरलेली उरते.

"रिकामी आहे" यावर कधीच भरवसा नाही. स्टीलच्या गोल छऱ्यांच्या मॅगझीनमध्ये एखादा अडकून राहतो, दोन-तीन वेळा नुसता हवेचा आवाज येतो, पोरांना वाटतं संपले, आणि हलवल्यावर तो खाली उतरतो. पुढचा ट्रिगर थट्टेत भावावर दाबलेला असतो.

छर्रा दोन-तीनशे मीटर सहज जातो, म्हणजे तुमच्या बागेच्या गडग्याच्या पलीकडे वाडीपर्यंत. जांभा, पत्रा, पाण्याची टाकी, नारळाचं खोड यावर आपटून स्टीलचा छर्रा मागे उडतो. त्यामुळे डबे ठेवून नेम धरायचा तर मागे मातीचा उंच बांध, सगळ्यांच्या डोळ्यावर पॉलीकार्बोनेटचा चष्मा, आणि मोठं माणूस शेजारी उभं, घरात नाही. पक्ष्यांवर तर नकोच, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे आणि पोराला जिवंत गोष्टीवर नेम धरायला शिकवण्यात काही शहाणपण नाही.

पोराला खरंच आवड असेल तर ती मारू नका. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसला मेडल आणल्यापासून कोल्हापूर भागात किती पोरं रायफल मागायला लागलीत, चांगलंच आहे ते. क्लबला घाला. १० मीटर एअर रायफल शिकवताना पहिले कितीतरी दिवस छर्रा न भरता नुसतं उभं राहायला शिकवतात, नळी सतत टार्गेटकडे, बोट ट्रिगरबाहेर, कुणीतरी पुढे गेलं की सगळ्यांच्या बंदुका खाली आणि उघड्या. घरच्या परसात हे कुणी शिकवत नाही.

आणि वापरात नसेल तर ती घरातून घालवा. अरुणाचल प्रदेशात २०२१ ला एअरगन सरेंडर अभियान सुरू झालं, पक्षी वाचावेत म्हणून लोकांनी दोन हजारांवर बंदुका स्वतःहून जमा केल्या. आपल्याकडे असं काही नसलं तरी परवानाधारक शस्त्र दुकानदार परत घेतो का विचारा, नाहीतर पोलीस स्टेशनला विचारून जमा करा. ऑनलाईन विकू नका, समोर घेणारा पंधरा वर्षांचा आहे की पन्नास हे तुम्हाला कळणार नाही. उरलेले छर्रे शिशाचे असतात, ते कचऱ्यात, विहिरीत, परसात टाकू नका, डबी बंद करून भंगारवाल्याला शिसं म्हणून वेगळी द्या, आणि हात लावल्यावर जेवायच्या आधी साबणाने हात धुवा.